तुम्ही विचारलंत म्हणून: टेपवरचा खोकला कसा काढायचात?

कम्प्युटर नव्हते, मग मुलाखतीतला खोकला, अडखळणं काढायचात कसं? जळगाव आकाशवाणीतल्या टेपच्या दिवसांचा विषय निघाला की हे कुणी ना कुणी विचारतंच. दाढीच्या ब्लेडनं काढायचो. स्टुडिओतल्या सगळ्या कामांत मनापासून आवडायचं ते हेच.

टेप पाव इंच रुंद. सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे 19 सेंटिमीटर पळायची. सात इंची स्पूलवरची, म्हणजे टेप गुंडाळायच्या चकरीवरची, 1200 फूट टेप 32 मिनिटं पुरायची. त्यामुळे सेकंदभराचा खोकला म्हणजे चांगला वीतभर तुकडा, चिमटीत धरता येणारा.

यंत्रावर टेप ज्यांना घासून जाते अशी डावीकडून तीन हेड असतात: आवाज पुसण्याचं, भरण्याचं, वाजवण्याचं. खूण करायची ती शेवटच्याच हेडवर. दोन्ही स्पूल हातानं धरून टेप सावकाश मागंपुढं ओढायची. आवाज घोगरा होतो, पण खोकला नेमका कुठं सुरू होतो ते त्या गुरगुरण्यातच सापडतं. तिथं टेपच्या पाठीवर पिवळ्या मेणपेन्सिलीची रेघ मारायची, खोकला संपतो तिथं दुसरी. मग टेप ॲल्युमिनियमच्या ब्लॉकच्या खाचेत बसवायची, पाठ वर करून, आणि 45 अंशांच्या चिरेतून ब्लेड ओढायचं. टोकं भिडवायची, पाठीवर जोडपट्टी लावून नखानं घासायची. फट राहिली तर आवाजात खड्डा पडतो. टोकं एकमेकांवर चढली तर टेप तिथं हेडपासून उचलली जाते.

काप तिरका का? सरळ कापला की एक आवाज तोडून दुसरा सुरू होतो आणि 'टक्' ऐकू येतं. तिरक्या कापात तोच बदल सेकंदाच्या तिसाव्या भागावर पसरतो, कानाला कळत नाही. तरीही टक् आलंच तर ब्लेड चुंबकित झालेलं असतं. ते आधी बदलायचं.

जोडपट्टीच्या जागी साधी चिकटपट्टी कधीच लावू नये. जळगावच्या मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, डिंक कडेनं पाझरतो आणि टेपचा वरचा वेढा खालच्याला चिकटतो. प्रसारण चालू असताना स्पूल तिथं अडखळलं की संपलंच.

खरी कसोटी श्वासाची. शब्द काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे श्वास ठेवले, तर माणूस धापा टाकतोय असं वाटतं. दोन्ही काढले तर तो गुदमरतो. एक ठेवायचा, तोही पूर्ण. अहिराणी बोलणाऱ्याच्या बाबतीत आणखी जपावं लागायचं. 'पानी शे' (पाणी आहे) म्हणताना शेवटचा 'शे' पुष्कळदा हळू येतो, टेपच्या सळसळीत मिसळतो. घाईत कापला की वाक्याचं क्रियापदच केराच्या टोपलीत. म्हणून कापलेले तुकडे कार्यक्रम वाजेपर्यंत टाकायचे नाहीत. खूण लिहून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचे.

केळीच्या बागेतलं ध्वनिमुद्रण असेल तर बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही, टेप मात्र चालू. रावेर-यावलकडं वारा सुटला की फाटकी पानं सतत वाजतात, मागं पाण्याची मोटार घरघरते. दोन वाक्यांत जागा हवी असेल तिथं हाच तुकडा भरायचा. कोरी टेप जोडली तर बाग क्षणभर गायब होते आणि ऐकणारा दचकतो. मोटार मुलाखतीच्या मध्येच बंद झाली असेल, तर आधीचं वाक्य नंतरच्याला जोडून उपयोग नाही.

आणि भाव किती मिळाला असं विचारल्यावर शेतकरी थांबतो, ते थांबणं कापायचं नाही. सहा इंच असो की दोन फूट. वेळ जुळवायची तर निवेदकाचा प्रश्न छोटा करावा.

आज हे काम करणाऱ्यांनी संगणकावर जोडाच्या ठिकाणी 30 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरताना दुसरा चढत जाणं, देऊन पाहावा. तिरका काप म्हणजे तेवढंच अंतर. मात्र खूण करताना पडद्यावर दिसणाऱ्या आवाजाच्या लहरीवर विसंबू नका. हळू 'शे' तिथं सपाट रेघेसारखाच दिसतो. हेडफोन लावा, आवाज वाढवा, मग कापा.