एक श्वास थांबून येणारा आवाज

लातूरला औसा रोडवर गॅरेज आहे, त्यामुळं नवरात्राच्या आधीचा आठवडा आमची सुगी. तुळजापूरच्या फेऱ्या मारणाऱ्या सगळ्या गाड्या तेव्हाच येतात. कुणाचे ब्रेक, कुणाचा एसी, कुणाचं नुसतंच "जरा बघून द्या". त्या गर्दीत औसा तालुक्यातले एक मामा आपली सात सीटर डिझेल गाडी घेऊन आले. गाडीला वय झालेलं, पण जपलेली. खाली उतरून त्यांनी नमस्काराच्या आधी पुठ्ठ्याचा एक डबा माझ्या हातावर ठेवला. आत नवंकोरं रिलीज बेअरिंग, पेडल दाबलं की क्लचवर दाब देतं ते.

"मिस्त्री, हे टाका. बाकी कायच बगू नका. क्लच दाबला की आवाज यायलाय, गिरणीचा पट्टा घसरल्यावाणी."

"डबा कुणी घ्यायला सांगितला?"

"सगळ्यांनीच सांगितलं की. क्लच दाबल्यावर आवाज म्हणजे रिलीज बेअरिंग."

सगळ्यांनी सांगितलेलं चूक नव्हतं. क्लच दाबल्यावर ओरडणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा तेच निघतं. पण मामांनी पुढं जे सांगितलं त्यानं मी डबा बाजूला ठेवला. या उन्हाळ्यातच त्यांच्या गाडीचा क्लच घसरायला लागला होता, म्हणून दुसरीकडं पूर्ण सेट बदलून घेतला होता. क्लच प्लेट, तिला इंजिनाच्या जड चाकावर म्हणजे फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगसुद्धा. त्याआधी गाडी घसरायची, पण आवाज कधीच नव्हता. आवाज सुरू झाला तो नवीन सेट टाकल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, आणि तेव्हापासून वाढतच चाललेला.

"बेअरिंग डुप्लिकेट दिलंय त्यांनी, दुसरं काय," मामा म्हणाले.

असेलही. पण या गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सोडा, गिअर लिव्हर काढा, स्लेव्ह सिलिंडर बाजूला करा, मागचा क्रॉस मेंबर काढा, मग जॅकवर ते जडशीळ धूड खाली घ्या. एवढं केल्यावर आत हात घालून अंदाज बांधत बसायचं नसतं. जे कळायचं ते गाडी चालू असताना, बाहेरूनच कळायला पाहिजे. आमच्या पोराला हे पटत नाही. त्यानं तोवर जॅक ओढत आणलाही होता.

अडचण एवढीच की आमच्या मागे डाळ मिल आहे. तिच्या घरघरीत इंजिनाचा टॅपेटसुद्धा ऐकू येत नाही, बेअरिंग तर लांबच. म्हणून मामांना शेजारी बसवलं आणि गाडी गावाबाहेर एका मोकळ्या प्लॉटवर नेली. दोन्ही बाजूंनी सोयाबीन, मध्ये आम्ही. काचा खाली केल्या, एसी बंद, पंखा बंद.

आधी पाय न लावता ऐकलं. न्यूट्रल, इंजिन आयडलिंगला. शांत. इथंच घरघर असती आणि क्लच दाबल्यावर थांबली असती, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची फिरकी आत नेणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर गेला असता, कारण पाय वर असताना तो शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो. तसं काही नव्हतं.

मग पेडलवर पाय नुसता टेकवला. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, त्यामुळं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना कायम हलकं टेकलेलंच असतं. पाय ठेवला की त्यावर भार येतो, आणि ते खराब असेल तर तिथंच कुरकुरायला लागतं. पेडल इंचभर दाबलं. आवाज नाही. आणखी थोडं. नाही. पूर्ण तळाला नेलं.

नाही.

मामा माझ्याकडं बघायला लागले आणि तेवढ्यात तो आला. आधी बारीक, मग चढत गेलेला, कोरड्या लोखंडाचा किंचाळा.

"आला बगा!" मामांना आनंदच झाला. दुखणं डॉक्टरसमोर दिसलं नाही तर पेशंटला जो अपमान वाटतो, त्यातून ते सुटले होते.

पेडल सोडलं. बंद. परत दाबलं, आणि या वेळी मी आवाजाकडं नाही, आवाजाच्या आधीच्या शांततेकडं लक्ष दिलं. प्रत्येक वेळी तेच. दाबल्याबरोबर काही नाही, एक श्वास जातो, मग तो उठतो आणि हळूहळू चढतो.

रिलीज बेअरिंगला थांबायचं काही कारणच नाही. भार आला की त्या क्षणी ते पूर्ण वेगानं फिरत असतं, ओरडायचं तर तेव्हाच ओरडेल. मग दम धरून ओरडणारं आत कोण आहे? पाय वर असतो तेव्हा फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकाच वेगानं एकत्र फिरतात. क्लच दाबला की प्लेट सुटते, फ्लायव्हील फिरत राहतं आणि शाफ्ट मंदावतो. पण लगेच नाही. आधीच्या वेगात तो गिअर ऑइलमध्ये थोडा वेळ फिरत राहतो. म्हणजे फ्लायव्हील आणि शाफ्ट यांच्यातला फरक हळूहळू वाढतो. आणि या दोघांच्या मध्ये बसलेली वस्तू एकच, इंजिनाच्या क्रँकच्या भोकात बसलेलं, शाफ्टचं टोक ज्यात टेकतं ते स्पिगॉट बेअरिंग. कुणी त्याला पायलट बेअरिंग म्हणतं. पाय वर असताना ते आतून-बाहेरून सारखंच फिरतं, म्हणजे खरं तर फिरतच नाही. क्लच दाबलेला असतो तेवढ्याच वेळात त्याला काम असतं.

खात्रीसाठी एक गोष्ट राहिली होती. क्लच दाबून धरला आणि आवाज चढायच्या आत पहिला गिअर टाकला. गाडी जागेवर उभी, म्हणजे शाफ्ट जागच्या जागी अडकला. त्याबरोबर किंचाळा एकदम, पूर्ण. श्वासभराची उसंतही नाही.

"मामा, रिव्हर्स टाकताना कडकड होती का?"

"होती की. तुमाला कसं कळलं?"

स्पिगॉट कोरडं पडलं की ते शाफ्टला धरून आपल्याबरोबर ओढतं. क्लच दाबूनही शाफ्ट पूर्ण थांबत नाही. या गाडीच्या रिव्हर्सला सिन्क्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवून घेणारं कडं, नसतं, म्हणून तिथं दात आधी बोंबलतात. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग ह्या डब्याचं काय?"

"दुकानदाराला परत करा. सील फोडू नका."

गॅरेजवर येऊन गिअरबॉक्स उतरवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नट सुटतात किंवा सुटत नाहीत, आणि सुटत नाहीत तेव्हा पोरं शिव्या शिकतात.

स्पिगॉट बघायला बोट आत घातलं तर ते दाण्यादाण्यानं फिरत होतं. सील जळालेलं, आत ग्रीसचा टिपूसही नाही. ६२०२ नंबरचं, पंधरा मिलिमीटर भोकाचं बेअरिंग. छताच्या पंख्यातही याच नंबरचं सापडतं. बाजारात दोन-अडीचशे रुपयांना मिळतं, आणि क्लच सेटच्या खोक्यात बहुतेक वेळा नसतं. त्यामुळं सेट बदलणारा खोक्यात आहे तेवढं बदलतो आणि भोकात बसलेलं तसंच राहतं. इथं तसंच झालं असेल, असं पोराला वाटलं. मलाही क्षणभर तसंच वाटायला हरकत नव्हती. पण जुनं बेअरिंग राहून गेलं एवढ्यानं ते तीन-चार महिन्यांत असं जळत नाही. ते त्याआधी वर्षानुवर्षं गपगुमान चाललं होतं.

मग शाफ्टचं टोक पुसून बघितलं. घासून घासून सगळीकडून आरशासारखी चकाकी आलेली. क्लच प्लेटच्या हबच्या, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाच्या, दात्यांत लाल भुकटी. नवीन प्लेटच्या हबमध्ये गंजाच्या रंगाची भुकटी म्हणजे दाते शाफ्टवर घासतायत, डुलतायत. दोन्ही खुणा एकच सांगत होत्या, शाफ्ट मध्यावर नाही.

टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागच्या तोंडावर बघितलं. उजवीकडं डॉवेल होतं. डावीकडं नुसतं भोक, त्यात माती आणि ऑइल.

डॉवेल म्हणजे दोन खुंट्या. गिअरबॉक्स इंजिनाला लावताना आधी या खुंट्यांवर बसतो, मग बोल्ट आवळायचे. बोल्टांची भोकं बोल्टापेक्षा थोडी मोठी असतात, त्यामुळं बोल्ट धरून ठेवतात, जागा ठरवत नाहीत. जागा खुंट्या ठरवतात. एक नसली की एवढं वजनदार धूड जरा कलून बसतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, गाडी चालते, गिअर पडतात. फक्त शाफ्टचं टोक दर फेऱ्याला त्या बारक्या बेअरिंगला एका अंगानं रेटत राहतं. उन्हाळ्यात गिअरबॉक्स ओढून काढताना ती खुंटी निसटून कुठंतरी पडली असणार आणि शोधायला कुणी थांबलं नसणार. कुणाचं नाव घ्यायचं नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक उभं असतं तेव्हा जमिनीवर पडलेलं लोखंड दिसत नाही, हे मला माहीत आहे. पण भोक रिकामं आहे हे लावताना दिसतंच, आणि तरी बोल्ट आवळायचे, याला मात्र मी माफी देत नाही.

आधी बेअरिंग काढायचं. मागून पुलर बसायला जागा नाही. अशा वेळी भोकात ग्रीस ठासून भरायचं आणि आतल्या भोकाच्या मापाचा रॉड घालून ठोकायचं. मागे क्रँकचं भोक बंद असतं, ग्रीसला जायला जागा नसते, मग ते बेअरिंगलाच मागून ढकलतं. पण या बेअरिंगची सीलं गेलेली, ग्रीस गोळ्यांमधून बाहेर यायला लागलं. पोराला शेजारच्या वडापावच्या गाड्यावर पिटाळलं, नुसते पाव आणायला. पाव ओला करून ठासला आणि रॉडवर हातोडा मारला. चार-पाच ठोक्यांत बेअरिंग पुढं सरकत आलं. मामा तोंडाला हात लावून बघत होते.

"हे पावाचं बिलात लावू नका," ते म्हणाले.

डॉवेलचा प्रश्न अवघड होता. सुटं डॉवेल दुकानात कुणी ठेवत नाही. मी राहिलेलं डॉवेल जपून काढलं आणि एमआयडीसीतल्या टर्नर चाचांकडं नेलं. चाचांनी मायक्रोमीटर लावला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हौ, बनता. मगर भोक का माप किधर है?" म्हणजे परत येऊन भोक साफ करून मापलं. भोकाला इजा नव्हती, नशीब. चाचांनी ईएन-८ पोलादाच्या सळईतून खुंटी कातली. इंजिनाच्या बाजूला हलक्या ठोक्यानं बसेल अशी, गिअरबॉक्सच्या बाजूला सरकत जाईल अशी. दोन टोकांचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत वेगळं. बारक्या कामाला चाचा सगळ्यात जास्त वेळ घेतात आणि सगळ्यात कमी पैसे. हे त्यांना कोण सांगणार?

नवीन बेअरिंग बाहेरच्या कड्यावर नळी टेकवूनच ठोकून बसवलं. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे खड्डे पडून ते पहिल्याच दिवशी बोलायला लागतं. प्लेट नवीच होती, दाते अजून शाबूत, म्हणून तीच ठेवली. भंगारातल्या जुन्या इनपुट शाफ्टवर ती मध्यावर धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळत आणले. दात्यांना ग्रीसचं नुसतं बोट फिरवलं. जास्त झालं तर ते उडून प्लेटच्या फेसिंगवर, म्हणजे पकड धरणाऱ्या अस्तरावर जातं आणि क्लच परत घसरायला लागतो. मामांचं आधीचं रिलीज बेअरिंग हातात फिरवून बघितलं. गुळगुळीत. तेच परत टाकलं.

गिअरबॉक्स वर चढवताना दोन्ही खुंट्या आत गेल्याचं हाताला कळतं. ओढाताण करावी लागली नाही, बोल्ट बोटांनी अर्धे गेले.

मामांनी स्वतःच गाडी चालू केली, क्लच दाबला आणि वाट बघत बसले. मग पहिला टाकला. मग रिव्हर्स, दोन-तीनदा, उगीचच.

त्यानंतर मजुरीवर जे व्हायचं ते झालं. "दोनशे रुपयाचं बेअरिंग अन् एवढी मजुरी?" मी म्हणालो, गिअरबॉक्स दोनशेच्या बेअरिंगसाठी उतरवा नाही तर वीस हजाराच्या सेटसाठी, वजन तेवढंच असतं. घासाघीस होऊन आम्ही मधल्या आकड्यावर आलो. बिलात मी बेअरिंग, टर्नर आणि मजुरी वेगवेगळी लिहिली. खाली एक ओळ घातली, पुढं कुणीही गिअरबॉक्स उतरवला तर डॉवेल दोन आहेत, मोजून बसवावेत.

मामांनी बिल वाचलं आणि परत माझ्याकडं सरकवलं.

"गाडीत थोरल्या भावाचा निम्मा वाटा हाय. बेअरिंगचा आकडा जरा बारीक अक्षरात लिहा की."