तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातला मदरबोर्ड कुठवर पुरतो?

“प्रोसेसर ठरलाय, आता स्वस्तातला बोर्ड कोणता घेऊ?” लग्नसराई जवळ आली की अकोल्यात हा प्रश्न मला हमखास येतो. विचारणारे बहुतेक जण लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारे. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅममध्ये पैसे संपलेले असतात, आणि उरलेल्यात बोर्ड बसवायचा असतो. त्यात गैर काहीच नाही. महागडा बोर्ड घेतल्याने संगणक पळत नाही. फक्त प्रोसेसरच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहून बोर्ड ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं असतं.

कारण तो आकडा फसवा आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ६५ वॅटच्या गटातल्या प्रोसेसरला ८८ वॅटपर्यंत ओढायची मुभा आहे, १०५ च्या गटाला १४२ पर्यंत. इंटेलकडे तर आणखी गंमत: आय५-१२४०० आणि आय७-१२७०० या दोघांच्याही नावापुढे ६५ वॅटच लिहिलेले असतात, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग वाढवून पळताना, पहिल्याची मर्यादा ११७ वॅट आणि दुसऱ्याची १८०. दुकानात दोन्ही ‘पासष्टवाले’ म्हणून एकाच बोर्डासोबत विकले जातात.

आता ही वीज येते कशी ते बघा. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. व्होल्ट इतके खाली आले की अँपिअर तितकेच वर जातात. एएम४ वर ६५ वॅटच्या गटासाठी सलग प्रवाहाची मर्यादा ६० अँपिअर आहे, १०५ च्या गटासाठी ९५. तुमच्या घराचा मेन एमसीबी बहुधा ६३ चा किंवा त्याहून कमीचा असेल, म्हणजे आकडा लहान नाही. हे रूपांतर सॉकेटशेजारचे मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच), चोक (तारेचं वेटोळं) आणि कपॅसिटर मिळून करतात. अशा एका संचाला फेज म्हणायचं, आणि सगळ्या संचांना मिळून व्हीआरएम.

अगदी स्वस्त बोर्डावर प्रोसेसरच्या कोअरसाठी (प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागांसाठी) बहुधा चार फेज असतात. ६० अँपिअर चौघांत वाटले की प्रत्येकी १५. ९५ वाटले की प्रत्येकी जवळजवळ २४. फरक दीडपटीचा दिसतो, पण मॉसफेटच्या रोधामुळे तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे इथे अडीचपट. त्यामुळे जो बोर्ड एका प्रोसेसरखाली हीटसिंकशिवायही (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याशिवायही) वर्षानुवर्षं निमूट चालतो, तोच दुसऱ्याखाली भाजून निघतो. म्हणून “हा बोर्ड चांगला का?” असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशाखाली?

बोर्डाच्या खोक्यावर लिहिलेल्या फेजच्या संख्येवर जाऊ नका. ‘१० फेज’ म्हणतात त्यातले दोन बहुतेकदा प्रोसेसरमधल्या इतर भागांसाठी असतात, आणि उरलेले आठ म्हणजे कधी कधी चारच फेज, प्रत्येकात दोन-दोन संच जोडीने लावलेले. ही लबाडीच असते असं नाही. जोडी लावल्यानेही भार वाटला जातोच. पण आकडा मोठा दिसतो तेवढी मजल त्यात नसते. त्यापेक्षा मॉसफेट कोणते आहेत ते बघा. फेजमधले वरचा आणि खालचा मॉसफेट आणि त्यांना चालवणारा ड्रायव्हर एकाच चिपमध्ये असलेले पॉवर स्टेज सुट्या मॉसफेटपेक्षा सहसा थंड राहतात. हीटसिंक असावा, तो धातूचा ठोकळा असावा, नुसतं रंगीत प्लास्टिकचं झाकण नको.

चिपसेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, नावावरून मात्र यातलं काहीच कळत नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. २०२० साली आलेले ए५२० आणि बी५५० घ्या. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येत नाही), पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडायचा मार्ग) तिसऱ्या पिढीचं. बी५५० वर दोन्ही पुढचं. वीज किती आणि कशी द्यायची हे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. मरतुकड्या व्हीआरएमचे बी५५० बोर्डही बाजारात आहेत.

आता आपल्याकडची खास अडचण. परदेशातले लोक बोर्ड तपासतात ते वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत. आपल्याकडे लग्नं एप्रिल-मे मध्ये, बाहेर पंचेचाळीस, आत कूलर लावूनही पस्तीस. चाचणीत ९५ अंश दाखवणारा मॉसफेट इथे १०५ च्या पुढे जातो. शिवाय गेम खेळताना भार वर-खाली होतो. तीन तासांचा व्हिडिओ प्रोसेसरवर रेंडर होताना, म्हणजे अंतिम फाइल बनताना, भार खाली येतच नाही. मग बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग दाबतो. प्रोसेसरचं तापमान सत्तर, तरी वेग कोसळलेला, आणि दुकानदार प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलून देतो!

त्यात कुणी हौसेने लिक्विड कूलर लावला तर आणखीच. प्रोसेसरसोबत येणारा साधा पंखा खाली फुंकतो, त्याची हवा मॉसफेटवरूनही जाते. तो काढला की स्वस्त बोर्डाचा फुकटचा वारा गेला. कॅबिनेटला मागे एक पंखा लावाच.

माझी शिफारस विचाराल तर आय५-१२४०० ला हीटसिंक असलेला साधा एच६१० चिपसेटचा बोर्ड पुरतो. आय७-१२७०० ला पुरत नाही. तिथे बोर्डावर दोन-तीन हजार जास्त घाला. एएम४ वर आठ कोअर हवेत तर ५८००एक्स ऐवजी ५७००एक्स घ्या. कोअर तितकेच, गट ६५ वॅटचा, आणि स्वस्त बोर्डही सुखात राहतो.

जोडी आधीच चुकली असेल तरी बोर्ड फेकायचं कारण नाही. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) इंटेलला पीएल१ आणि पीएल२ या विजेच्या मर्यादा खाली आणता येतात, एएमडीला वीज कमी ओढणारा इको मोड असतो. १४२ चे ८८ केले तरी वेग त्या प्रमाणात घटत नाही, उलट रेंडर एका लयीत पूर्ण होतो. आधी प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवा, शेजारी वेग-तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा ठेवा आणि वेगाचा रकाना बघत बसा. व्हीआरएमचा सेन्सर अनेक स्वस्त बोर्डांवर नसतोच, वेग मात्र लपत नाही.

आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून मागवा की गावातून घ्या, बिलावर बोर्डाचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, लिहून घ्या. ‘बी५५०एम’ एवढ्यावर समाधान मानलंत तर घरी भलताच बोर्ड येईल आणि बदलूनही मिळणार नाही.