चार ऑपरेटरमध्ये डीएक्स-७चा पियानो बसवताना

भावगीताच्या साथीला ‘इलेक्ट्रिक पियानो लाव’ असं कुणी म्हणालं, की बहुतेकांच्या कानात खरा ऱ्होड्स (जुना इलेक्ट्रिक पियानो) नसतोच. असतो तो यामाहाच्या डीएक्स-७ सिंथेसायझरचा ‘ई. पियानो १’ हा टोन. काचेवर टिचकी मारल्यासारखी सुरुवात आणि मागे गुबगुबीत, हलकासा डोलणारा आवाज. डीएक्स-७ आला १९८३ मध्ये. आज तो चालू स्थितीत मिळाला तरी वजन १४ किलोच्या वर, आणि आतली बॅटरी संपली की साठवलेले टोन गेले. पेठेतल्या जुन्या वाड्याचा जिना चढून तालमीला जाणाऱ्यासाठी यामाहाचाच २०१५ चा छोटा सिंथेसायझर रेफेस डीएक्स सोयीचा: १.९ किलो, ५३ सेंटिमीटर लांब, ३७ छोट्या कीज.

अडचण एकच. डीएक्स-७ मध्ये सहा ऑपरेटर (एकमेकांना जोडून टोन बांधायचे साधे ध्वनिस्रोत) होते, यात चार आहेत. त्यामुळे जुने टोन यात जसेच्या तसे चढवता येत नाहीत, नव्याने बांधावे लागतात.

‘ई. पियानो १’ मध्ये दोन-दोन ऑपरेटरच्या तीन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत खालचा ऑपरेटर ऐकू येतो (कॅरियर) आणि वरचा त्याला हलवतो (मॉड्युलेटर). पहिली जोडी टिचकीची, दुसरी अंगाची, म्हणजे मागच्या भरीव आवाजाची. तिसरी जवळपास दुसरीसारखीच, पण सुरात किंचित सरकवलेली. आवाजाचं डोलणं तिच्यामुळे येतं. चार ऑपरेटरमध्ये ही तिसरी जोडीच सोडायची, कारण डोलणं दुसऱ्या मार्गानं आणता येतं. टिचकी नाही.

एखाद्या साध्या टोनपासून सुरुवात करा. सगळे इफेक्ट बंद, चारही ऑपरेटरचा फीडबॅक (ऑपरेटरनं स्वतःलाच हलवणं) शून्य. अल्गोरिदममध्ये (ऑपरेटरच्या जोडणीच्या नकाशात) खाली दोन चौकोन आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक, असं चित्र निवडा. दोन्ही कॅरियरचं गुणोत्तर (वाजवलेल्या सुराच्या किती पट) १. अंगाच्या मॉड्युलेटरचंही १. टिचकीच्या मॉड्युलेटरचं १४.

चौदाच का? कॅरियर १ आणि मॉड्युलेटर १४ असला की मूळ सुराबरोबर १३वा आणि १५वा, मग २७वा आणि २९वा असे दूरचे स्वरांश उमटतात. मधले सगळे रिकामे, म्हणून कान त्याला धातूचा ठोका समजतो. अंगाच्या जोडीत १ ला १ असल्यामुळे दुसरा, तिसरा, चौथा असे ओळीनं सगळे स्वरांश येतात आणि आवाज भरतो.

मॉड्युलेटरची पातळी १२७ पैकी साठच्या आसपास ठेवून कानानं हलवा. हा आकडा सरळ रेषेत वागत नाही. खालच्या भागात दहा अंक फिरवले तरी फारसं कळत नाही, वरच्या भागात पाचच अंकांनी पियानोची पत्र्याची पेटी होते. टिचकीचा मॉड्युलेटर अर्ध्या सेकंदात विझायला हवा. तो रेंगाळला तर प्रत्येक सुरामागे घंटा वाजत राहते, आणि नव्वद टक्के फसलेल्या टोनमध्ये दोष इथेच सापडतो. (हे नव्वद आमच्या अंदाजाचे, मोजलेले नाहीत.) कॅरियर मात्र सावकाश, आठ-दहा सेकंदांत उतरू द्या. चारही ऑपरेटरचा अटॅक (आवाज चढण्याचा टप्पा) सगळ्यात वेगवान.

आता व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात वाजवली त्याला मिळणारा प्रतिसाद. कॅरियरला मध्यम, टिचकीच्या मॉड्युलेटरला भरपूर. हळू वाजवलं की मऊ आणि जोरात वाजवलं की खणखणीत, हा या टोनचा जीव आहे. नुसत्या कॅरियरला व्हेलॉसिटी दिली तर आवाज लहान-मोठा होतो, रंग बदलत नाही.

वरच्या सप्तकात वेगळी काळजी घ्यावी लागते. मधल्या सीला, म्हणजे २६१.६ हर्ट्झला, चौदा पट म्हणजे साधारण ३,६६० हर्ट्झ, छान चमक. दोन सप्तकं वर तेच १४,६५० हर्ट्झच्या घरात जातं आणि टिचकीऐवजी नुसती सळसळ उरते. म्हणून की-स्केलिंग (कीच्या जागेनुसार पातळी बदलण्याची सोय) वापरून त्या मॉड्युलेटरची पातळी वर जाताना उतरवा.

गेलेल्या तिसऱ्या जोडीची भरपाई तीन ठिकाणांहून होते. दोन्ही कॅरियर थोडे डिट्यून करा, म्हणजे सुरात किंचित सरकवा, पण एक वर आणि एक तेवढाच खाली, म्हणजे मधला सूर जागेवर राहतो. अंगाच्या मॉड्युलेटरला किंचित फीडबॅक द्या. रेफेसमध्ये प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा फीडबॅक आहे, डीएक्स-७ मध्ये तो एकाच ऑपरेटरला होता. शेवटी इफेक्टच्या दोन जागांपैकी एकात कोरस, हलका. दुसरीत रिव्हर्ब. हेडफोनवर स्टिरिओ कोरस फार गोड लागतो, पण हॉलमधली पीए (ध्वनिक्षेपण यंत्रणा) मोनो असेल तर तोच आवाज पोकळ होऊ शकतो. टोन पक्का करण्याआधी फक्त एल/मोनो आउटपुटवर ऐकून घ्या. आणि स्टोअर करा! न साठवता दुसरा टोन निवडला की सगळी मेहनत गेली.

साथीला बसताना आधी पेटीशी सूर जुळवा. पेटीच्या स्वरपट्ट्या मंचावर घासत बसता येत नाही, तेव्हा सरकायचं कीबोर्डनंच. कोरस बंद करून आणि दोन्ही डिट्यून तात्पुरते शून्यावर आणून एकच सूर दोघांवर धरा. नाहीतर पेटीशी होणारी डोलं कुठली आणि टोनची स्वतःची कुठली हे कळत नाही. ४४० हर्ट्झच्या सुरावर सेकंदाला एक डोल म्हणजे जवळपास चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक. मास्टर ट्यूनिंगनं डोल थांबेपर्यंत फिरवा. गायकाची पट्टी काळी दोन असेल आणि तुम्ही पांढरी एकमध्ये वाजवणार असाल तर ट्रान्सपोज अधिक ३. काळी चारला अधिक ८ पेक्षा उणे ४ बरं, टोन किरकिरा होत नाही.

एका वेळी वाजतात फक्त आठ आवाज. डाव्या हातात तीन, उजव्यात चार आणि पेडल दाबलेलं, म्हणजे पुढच्या कॉर्डला आधीचे सूर तुटणार. पेडल प्रत्येक कॉर्डला सोडा आणि डाव्या हातात षड्ज-पंचम पुरे समजा.

छोट्या कीजवर व्हेलॉसिटी सांभाळणं बोटांना जड जात असेल तर मोठा कीबोर्ड जोडा, पण सोबत येणाऱ्या मिडी केबलनं. यूएसबीनं दोन कीबोर्ड सरळ एकमेकांना जोडून काही होत नाही, मध्ये कॉम्प्युटर लागतो. त्या यूएसबीतून ऑडिओही जात नाही.

वीज १२ व्होल्ट अडॅप्टरची, किंवा सहा एए सेल. सेलवर साधारण पाच तास. मांडवात जनरेटरवर घरघर आली तर आधी अडॅप्टर काढून सेलवर वाजवून बघा. घरघर थांबली तर दोष वीजजोडणीत आहे. तीच न थांबता मिक्सरपर्यंत पोचत असेल तर ग्राउंड-लिफ्ट (ऑडिओ केबलची ग्राउंडजोडणी तोडणारा स्विच) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्ड मिक्सरला जोडणारी छोटी पेटी, मध्ये घाला. प्लगची अर्थिंगची पिन कापायची नाही. ऑटो पॉवर ऑफही सेटिंगमधून बंद करून ठेवा, कारण निवेदक रंगला की कीबोर्ड गपचूप झोपी जातो.