इंग्लंडमध्ये जीपीकडून फ्लू आणि कोविडची लस: माझा अनुभव

सप्टेंबर उजाडला की इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास फिरतो: "आम्हाला जीपीचा मेसेज आला, तुम्हाला आला का?" (जीपी म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, आणि मेसेज फ्लू किंवा कोविडच्या लशीचा.) ज्यांना आलेला नसतो ते वाट बघत बसतात, आणि त्यातल्या काहींना तो कधीच येणार नसतो. मेसेज कोणाला पाठवायचा हे डॉक्टर एकेका पेशंटला आठवून ठरवत नाहीत. दवाखान्याच्या संगणकातल्या नोंदींवरून यादी निघते आणि त्या यादीला मेसेज जातो. तुमचा आजार नोंदीत नसेल, तर त्या यादीपुरता तुम्हाला तो आजार नाहीच.

आपल्या लोकांचं घोडं नेमकं इथेच अडतं. मधुमेहाचं निदान पुण्यात झालेलं, मेटफॉर्मिन दर खेपेला बॅगेतून येतं, साखर घरच्या यंत्रावर तपासली जाते. सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, फक्त इथल्या जीपीला त्यातलं काही ठाऊक नसतं. दम्याचंही तसंच. रोज स्टेरॉइडचा इन्हेलर लागणारा दमा फ्लूच्या मोफत लशीसाठी धरला जातो, पण तो इन्हेलर मुंबईच्या औषधाच्या दुकानातून येत असेल तर इथल्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो. म्हणून ऑगस्टमध्येच तिकडचे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट) एवढं घेऊन जीपीकडे नोंद करून घ्यावी. दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून फोटो पाठवले तरी बहुतेक ठिकाणी चालतात. डॉक्टर कदाचित रक्त पुन्हा तपासायला सांगतील. ते करून घ्यावं, कारण एकदा नोंद झाली की फ्लूच्या लशीबरोबर मधुमेहाची डोळ्यांची नियमित आणि पायांची वार्षिक तपासणीही आपोआप सुरू होते.

घरात आजारी किंवा वृद्ध माणसाची मुख्य काळजी तुम्ही घेत असाल तर तेही सांगा. 'केअरर' म्हणून नोंद झाली की फ्लूची लस तुम्हालाही मोफत मिळते, स्वतःला कुठलाच आजार नसला तरी. हे फार कमी जणांना माहीत असतं.

आता पात्रतेबद्दल. खाली लिहिलंय ते इंग्लंडचं, २०२५-२६ च्या हिवाळ्याचं. स्कॉटलंडमध्ये ही लस जीपीकडे नव्हे तर हेल्थ बोर्डाच्या केंद्रांवर मिळते, तिथल्या मंडळींनी तिकडचे नियम बघावेत. फ्लूसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत ६५ पूर्ण होणारे सगळे, १८ ते ६४ मधले मधुमेह, वर सांगितलेला दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुनाट आजार, कमी झालेली प्रतिकारशक्ती, ४० किंवा त्याहून जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) असलेले, वर सांगितलेले केअरर, आणि गरोदर स्त्रिया. गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी १ सप्टेंबरपासून, बाकी मोठ्यांसाठी १ ऑक्टोबरपासून. मोठ्यांना महिनाभर थांबवतात कारण लशीचा जोर काही महिन्यांत ओसरू लागतो आणि फ्लूची लाट साधारण डिसेंबर-जानेवारीत येते. सप्टेंबरच्या सुरुवातीला टोचली तर ऐन लाटेत संरक्षण उतरणीला लागलेलं असतं.

कोविडचा निकष मात्र २०२५ च्या शरद ऋतूपासून फारच आखडला, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. २०२४ मध्ये ६५ च्या पुढचे सगळे आणि मधुमेहासारखे आजार असलेले पात्र होते. २०२५ मध्ये ७५ च्या पुढचे (३१ जानेवारी २०२६ पर्यंत ७५ पूर्ण होणारेही), वृद्धाश्रमात राहणारे आणि प्रतिकारशक्ती दबलेले, एवढेच उरले. त्यामुळे ६८ वर्षांच्या मधुमेही काकांना फ्लूचा मेसेज येतो आणि कोविडचा येत नाही, यात दवाखान्याची चूक नसते. रिसेप्शनवरच्या बाईंशी वाद घालून ते बदलत नाही. गरोदर स्त्रियांनाही आता केवळ गरोदरपणासाठी कोविडची लस मिळत नाही.

प्रतिकारशक्ती दबलेल्यांनी मात्र मागे हटू नये. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांची औषधं अनेकदा हॉस्पिटलमधून येतात, जीपीच्या यादीत दिसत नाहीत, आणि मेसेज चुकतो. अशा वेळी हॉस्पिटलचं पत्र किंवा औषधाची चिठ्ठी दाखवली की काम होतं. आधी किती डोस घेतले, कोव्हिशील्ड घेतली की कोव्हॅक्सिन, याने काही फरक पडत नाही. हंगामाचा एकच डोस असतो, फक्त आधीच्या डोसपासून साधारण ३ महिने झालेले हवेत.

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक जीपी कोविडची लस देतोच असं नाही. फ्लूची बहुतेक सगळे देतात. कोविडची काही दवाखाने स्वतः देतात, काही आसपासच्या दवाखान्यांशी मिळून एका ठिकाणी देतात, काही देतच नाहीत. मेसेजमध्ये पत्ता नीट वाचा. तो तुमच्या नेहमीच्या दवाखान्याचा असेलच असं नाही. दोन्ही लशी एकाच फेरीत हव्या असतील तर बुक करण्याआधी विचारून घ्या. जीपीकडे जमत नसेल तर एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वेबसाइटवरून, अ‍ॅपवरून किंवा ११९ वर फोन करून फार्मसीत वेळ मिळते.

मेसेजमधल्या लिंकवर मोकळ्या वेळा दिसतात. एकही दिसली नाही तर लस संपली असं समजू नका. मोठ्यांच्या फ्लूच्या लशी प्रत्येक दवाखाना कंपनीकडून आदल्या हिवाळ्यातच मागवून ठेवतो. त्या टप्प्याटप्प्याने येतात, २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये मावतील एवढ्याच ठेवता येतात, आणि त्या हिशेबाने शनिवारची क्लिनिक उघडतात. चार-आठ दिवसांनी पुन्हा बघा. फोन करायचा असेल तर सकाळी ८ वाजता अजिबात करू नका, ती वेळ त्या दिवशी आजारी असलेल्यांची. अकराच्या पुढे फोन लवकर लागतो आणि माणूस नीट बोलतो. फार्मसीत लस घेतली असेल तर जीपीकडची वेळ आठवणीने रद्द करा. फार्मसीतली नोंद जीपीकडे पोचते, पण त्याला काही दिवस लागू शकतात, आणि तोवर आठवणीचे मेसेज येत राहतात.

मेसेज पोचतच नसेल तर दोन गोष्टी तपासा. आई-वडिलांच्या नोंदीत कोणाचा मोबाइल नंबर आहे? बहुतेकदा मुलाचा जुना. आणि नाव कसं लिहिलंय? आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पुष्कळदा 'गिव्हन नेम'मध्येच असतं. जीपीकडे ते कधी गाळलेलं, कधी आडनावाला चिकटवलेलं सापडतं. अ‍ॅप आणि बुकिंगची यंत्रणा नाव, जन्मतारीख आणि पोस्टकोड जुळवून माणूस ओळखते, त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी "तुमची माहिती सापडली नाही" असं येतं. रिसेप्शनला नाव एकदा दुरुस्त करायला सांगितलं की कायमचं मिटतं. आणि लशीसाठी बँकेचा तपशील किंवा पैसे मागणारा मेसेज कधीच खरा नसतो.

सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचं काय, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. जीपीची सेवा इथे सगळ्यांना मोफत आहे, व्हिसा कुठलाही असो. पात्र असतील तर त्यांनाही लस मिळते. ३ महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर तात्पुरती नोंदणी, जास्त असेल तर नेहमीची. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवला नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. तरी पासपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवली तर काम लवकर होतं. हॉस्पिटलच्या उपचारांचे पैसे मात्र व्हिजिटरना पडतात, दोन्हीची गल्लत करू नका. भाषेची अडचण असेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषी मागा, तो मोफत असतो.

लस घ्यायच्या दिवशी खोळंबा होतो तो बाह्यांमुळे. सुई दंडाच्या वरच्या भागात, खांद्याखालच्या स्नायूत जाते. ऑक्टोबरच्या थंडीत आजी कोपरापर्यंतच्या घट्ट बाहीचा ब्लाऊज, त्याच्या आत थर्मल आणि वर कार्डिगन घालून येतात, आणि पाच मिनिटांच्या वेळेतली तीन मिनिटं कपडे सोडवण्यात जातात. दोन्ही लशी घ्यायच्या असतील तर दोन्ही दंड मोकळे करावे लागतात. एकाच दंडात दिल्या तर दोन टोचण्यांमध्ये किमान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवतात. सैल बाहीचा कुर्ता उत्तम.

नर्स विचारते: आज ताप आहे का, आधी कुठल्या लशीची तीव्र अ‍ॅलर्जी आली होती का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलत नाहीत, ताप असेल तर ढकलतात. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा) ताजा आणि मर्यादेत हवा. टोचल्यावर तिथे २ मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. आपल्याकडे लस टोचली की दंड चोळायची सवय असते, अशी गोळी चालू असेल तर ती नेमकी नडते, मोठा निळा डाग पडतो. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, अंड्याशिवाय बनलेली लस असते. चक्कर येऊ शकते म्हणून नंतर १५ मिनिटं गाडी चालवायची नाही.

पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्या लोकांना आरएसव्हीची (श्वसनमार्गाच्या एका विषाणूची) लसही सुचवली जाते. ती शक्यतो फ्लू आणि कोविडच्या दिवशीच देत नाहीत, म्हणून वेगळ्या दिवशी बोलावलं तर कुरकुर करू नका.

मुलांचं थोडं निराळं. २ आणि ३ वर्षांच्या मुलांना (३१ ऑगस्टला वय मोजतात) जीपीकडे नाकात फवारा मिळतो, शाळकरी मुलांना शाळेतच. शाळेचा संमतीचा फॉर्म पालकांनी वेळेत भरला नाही तर मूल यादीतून सुटतं. फवाऱ्यात डुकरापासून काढलेलं जिलेटिन असतं. शाकाहारी घरांना किंवा धर्माच्या कारणाने ते नको असेल तर जिलेटिन नसलेलं इंजेक्शन मागता येतं, पण ते त्या दिवशी आयत्या वेळी नव्हे, आधी कळवून.

घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी नर्स घरी येते. त्यासाठी सप्टेंबरमध्येच दवाखान्याला सांगावं, कारण त्या फेऱ्या मोजक्याच असतात.

लशीचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी हे धरूनच वेळ घ्यावी. दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप एक-दोन दिवस राहतो, पॅरासिटामॉल पुरतं. कोविडच्या लशीनंतर छातीत दुखलं, धाप लागली किंवा धडधड वाढली तर मात्र अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. वेळ हुकली तरी घाबरू नका: २०२५-२६ च्या हंगामात कोविडच्या लशीची शेवटची तारीख ३१ जानेवारी, फ्लूच्या लशीची ३१ मार्च. जीपीची क्लिनिक नोव्हेंबरनंतर विरळ होतात, तेव्हा सरळ फार्मसी गाठावी.