रेकॉर्ड धुण्याची घरगुती अल्ट्रासॉनिक टाकी: पाण्याची पातळी आणि आतल्या खाचा

टाकी चालू झाली इथपर्यंत मागच्या नोंदीत आलं होतं. तळाला ४० किलोहर्ट्झचे, प्रत्येकी ६० वॅटचे तीन ट्रान्सड्यूसर चिकटवलेत. ते विजेवर थरथरून पाण्यात कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतात, त्याने बारीक बुडबुडे फुगून फुटतात (हेच कॅव्हिटेशन) आणि खाचेतला मळ सुटतो. वर आडव्या दांडीवर तीन एलपी सावकाश फिरतात आणि प्रत्येकीचा खालचा भाग पाण्यात बुडलेला असतो. या वेळी इलेक्ट्रॉनिक्स थोडक्यात उरकतो, कारण सध्या माझं डोकं एकाच आकड्याला चिकटलंय: पाण्याचा पृष्ठभाग रेकॉर्डच्या मध्यापासून किती मिलिमीटर खाली असावा?

तरी बोर्डाबद्दल दोन शब्द. हे ड्रायव्हर बोर्ड थेट मेन्सवर चालतात आणि ट्रान्सड्यूसरला शेकडो व्होल्ट देतात. ज्या बोर्डाचं आउटपुट ट्रान्सफॉर्मरने वेगळं केलेलं नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नका. ट्रान्सड्यूसरच्या दोन सिरॅमिक कड्यांच्या मधल्या पत्र्याला हॉट वायर, बॉडीला आणि स्टीलच्या टाकीला अर्थिंग, आणि सगळ्याच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). पहिल्यांदा चालू करताना सिरीज लॅम्प, म्हणजे बोर्डाच्या पुरवठ्यात मध्ये जोडलेला बल्ब, लावाच. टाकीत पाणी नसताना बोर्ड क्षणभरही चालवायचा नाही. भार नसला की सिरॅमिक तापतं, तडकतं, नाहीतर ईपॉक्सी सुटतं. एका बोर्डावर तीन ट्रान्सड्यूसर समांतर जोडायचे तर त्यांची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी आणि कपॅसिटन्स शक्य तितके जवळचे हवेत. नाहीतर एकच सगळं काम ओढतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात.

चिकटवण्याबाबत एवढंच, की टाकीचा तळ बाहेरून खरबरीत पॉलिशपेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, ईपॉक्सीचा अगदी पातळ थर द्यायचा. थरात हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे आवाज परत फिरतो, पाण्यात जातच नाही.

आता मूळ मुद्दा. टाकी आतून ३०० बाय १५० मिलिमीटर, खोली १५०. एलपीचा व्यास ३०२ मिलिमीटर, म्हणजे ती अख्खी आत मावत नाही आणि मावायची गरजही नाही. लेबलची त्रिज्या ५० मिलिमीटर. ते कोरडं ठेवायचं म्हणून बहुतेक जण करतात तेच मीही केलं: पाणी मध्यापासून ५६ मिलिमीटर खाली ठेवलं. लेबल आणि पाणी यांच्यात ६ मिलिमीटर मोकळे. या पातळीला रेकॉर्डची पाण्यातली रुंदी २८० भरते, म्हणजे दोन्ही बाजूंना टाकीच्या भिंतीपासून दहा-दहा मिलिमीटर सुटतात. कागदावर सगळं छान.

आता हिशेब करून बघा. एलपीवरचं संगीत साधारण १४६ मिलिमीटर त्रिज्येवर सुरू होतं आणि सहसा फार तर ६० मिलिमीटरपर्यंत आत येतं. एका फेऱ्यात बाहेरची खाच ३७ टक्के वेळ पाण्याखाली असते. आतली? जेमतेम १२ टक्के. पंधरा मिनिटं टाकी चालवली तर बाहेरच्या खाचेला साडेपाच मिनिटं धुलाई मिळते आणि शेवटच्या गाण्याला दोन मिनिटंसुद्धा नाही.

आणि मळाचा त्रास सर्वात जास्त कुठे होतो, तर नेमका तिथेच. ३३⅓ आरपीएमला बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१० मिलिमीटर वेगाने जाते, आतली २१० ने. त्यामुळे १० किलोहर्ट्झच्या एका लहरीला बाहेर ५१ मायक्रॉन जागा मिळते, आत फक्त २१. जो कण बाहेर नुसता टिकटिकतो, तो आत अख्ख्या लहरीवर बसतो. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गायकाचा ‘स’ फाटल्यासारखा येतो तेव्हा आपण सुईला नाहीतर अलाइनमेंटला दोष देऊन मोकळे होतो. कधी कधी तो नुसता मळ असतो.

मग वेळ वाढवा, असं कुणीही म्हणेल. पंधराऐवजी चाळीस मिनिटं. त्याने भागत नाही, आणि का भागत नाही ते फॉइलने दाखवलं.

स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल ही आपल्या छंदातली सर्वात स्वस्त मोजपट्टी आहे. फॉइलची पट्टी एका चौकटीवर ताणून बसवली, रेकॉर्ड असते त्याच जागी उभी बुडवली आणि मिनिटभर टाकी चालवली. त्याआधी टाकी नुसत्या पाण्यावर, रेकॉर्डशिवाय, दहा मिनिटं चालवून घेतली होती. नव्या पाण्यात हवा विरघळलेली असते, आणि ती असेपर्यंत बुडबुडे मऊ फुटतात, काम करत नाहीत. पट्टी बाहेर काढून दिव्यासमोर धरली. आडवे पट्टे स्वच्छ दिसत होते: एक पट्टा बारीक छिद्रांनी चाळणी झालेला, त्याच्या खालचा जवळजवळ गुळगुळीत, मग पुन्हा चाळणी. दोन चाळण्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, अठरा-एकोणीस मिलिमीटर. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर. ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३७ मिलिमीटर येते, तिची निम्मी साडेअठरा. तळातून वर जाणारी लाट पृष्ठभागावर आपटून परत येते, दोघी मिळून टाकीत स्थिर लहरी उभ्या करतात, आणि फॉइल त्यांचा नकाशा काढून देतं.

मला हवी होती ती मात्र पट्टीची सर्वात वरची कड. पाण्याच्या रेषेखालचे पहिले काही मिलिमीटर फॉइल नवंकोरं, चकचकीत होतं. एक छिद्र नाही, सुरकुतीही नाही. याला कारण आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी दाबाचे चढउतार शून्यच असतात, वर हवा असल्याने पाणी तिथे मोकळं हलतं. दाबच बदलत नाही तर बुडबुडा फुगणार कसा आणि फुटणार कसा? पहिला जोरदार थर पृष्ठभागापासून पाव तरंगलांबी खाली, म्हणजे नऊ-साडेनऊ मिलिमीटरवर.

आता ५६ ची पातळी आठवा. ६० मिलिमीटर त्रिज्येची खाच अगदी खाली असतानासुद्धा पाण्यात फक्त चार मिलिमीटर जाते. ती त्या निवांत थराच्या बाहेर कधी पडतच नाही. तिला चाळीस मिनिटं द्या नाहीतर दोन तास, ती भिजते, धुतली जात नाही. बाहेरच्या खाचा फिरता फिरता सगळ्या थरांमधून वरखाली जातात, त्यामुळे त्यांचं आपोआप भरून निघतं. पाणी आणि दांडी दोन्ही वर घेऊन तळापासूनचं अंतर बदललं तरी उपयोग नाही, कारण हा निवांत थर पृष्ठभागाला बांधलेला आहे, पाण्याबरोबर तोही वर सरकतो. रेकॉर्डच पृष्ठभागाच्या आणखी खाली जायला हवी, आणि मध्ये येतं ते लेबल.

म्हणून लेबल पाण्यापासून सीलबंद करायचं ठरवलं.

रेकॉर्डमधलं अंतर मी ३७ मिलिमीटरच ठेवलंय. १५० रुंदीत तीन रेकॉर्ड नीट बसतात आणि दोन रेकॉर्डच्या मध्ये आवाजाला जागा मिळते. दाटीवाटीने पाच-सहा बसवणारे आहेत, पण मग मधल्यांना सावलीच मिळते. रेकॉर्डची जाडी साधारण दोन धरून मधला स्पेसर ३५ मिलिमीटरचा. नायलॉनचा गाभा, दोन्ही टोकांना ६ मिलिमीटर ॲक्रिलिकच्या चकत्या, आणि चकतीच्या रेकॉर्डकडच्या तोंडावर लेथवर कोरलेली गोल खोबण. खोबणीत ओ-रिंग (पाणी अडवणारी लवचिक कडी) बसते, मध्यापासून साधारण साडेत्रेपन्न मिलिमीटरवर. म्हणजे लेबलची कड संपल्यावर आणि संगीत संपायच्या पलीकडे, रन-आउटच्या गुळगुळीत पट्टीवर. ओ-रिंग सिलिकॉनची घ्या. काळं रबर विनाइलवर दाबून ठेवलं तर डाग सोडू शकतं, आणि तो डाग कुठल्याही टाकीत निघत नाही.

दांडीला रेकॉर्डच्या जागी ७.२ मिलिमीटरची बुश लागते. रेकॉर्डचं भोक ७.२४ असतं, साध्या सहाच्या दांडीवर ती एका बाजूला लोंबते आणि ओ-रिंग लेबलवर चढते. टोकाला पंखाच्या नटने आवळायचं, हाताने, पान्याने नाही. ओ-रिंग जराशी चपटी झाली की पुरे.

गळतीची चाचणी एका टाकाऊ रेकॉर्डवर घेतली. लेबलवर टिपकागदाची गोल चकती ठेवली, वरून स्पेसर आवळला आणि पातळी मध्यापासून ४५ मिलिमीटरवर आणली. म्हणजे लेबलचा खालचा भाग पाण्याच्या रेषेच्या खाली गेला. धुलाईचा पूर्ण वेळ चालवून उघडलं. टिपकागद कोरडा. मग मुद्दाम नट थोडा सैल करून पुन्हा चालवलं, तेव्हा एका कडेला चंद्रकोरीसारखा ओला भाग दिसला. म्हणजे चाचणी खोटं बोलत नव्हती.

याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. उघड्या लेबलच्या वेळी खरा त्रास खालच्या पाण्याचा नसतोच, वरून ओघळणाऱ्या थेंबाचा असतो. ओली कड वर येते, थेंब रेडियल रेषेत खाली घसरतो, रन-आउटवर क्षणभर थांबतो आणि लेबलच्या कागदात शिरतो. आता तो चकतीच्या कडेवरून वळून खाली जातो.

४५ वर आकडे असे आले: आतली खाच २३ टक्के वेळ पाण्यात, म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि मुख्य म्हणजे ती आता पंधरा मिलिमीटर खोल जाते, पहिल्या जोरदार थराच्या पार. बाहेरची ४० टक्के, तिथे फारसा फरक नाही. रेकॉर्डची रुंदी २८८ झाली, भिंतींपासून सहा-सहा मिलिमीटर उरतात. याहून वर जायची हिंमत नाही. पाण्याची एकूण खोली १२६ मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास. पातळी बदलली की बोर्ड ओढत असलेला करंटही बदलतो, तेव्हा तो पुन्हा मोजून घ्या.

मोटर तीच, १२ व्होल्टची गिअरवाली, दोन मिनिटांना एक फेरा. मायक्रोवेव्हच्या थाळीची मोटर वापरायचा मोह अनेकांना होतो. ती मिनिटाला पाच-सहा फेरे मारते, पाणी वर ओढून आणते, आणि शिवाय सुरू होताना कुठल्या दिशेला फिरेल ते तिच्या मर्जीवर.

पाणी डिस्टिल्ड, त्यात नॉन-आयॉनिक सर्फॅक्टंट (पाणी खाचेत नीट पसरवणारं द्रव्य), पाच लिटरला साधारण एक मिलिलिटर. भांडी घासायचा साबण नको, त्यातला रंग आणि सुगंध खाचेत वाळून बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मी घालत नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) १२ अंश सेल्सिअस आहे. कोमट उघडी टाकी, खाली मेन्सवरचा बोर्ड आणि वर त्याची वाफ, हे समीकरण मला झोप लागू देणार नाही. तापमान ३५ च्या आसपास, ४० ला बंद. हीटर लागत नाही, ट्रान्सड्यूसरच मिनिटाला जेमतेम अर्धा अंश चढवतात. लाखेच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या या टाकीत घालत नाही, त्यांचा मामला वेगळा.

ऐकून काय वाटलं? धुण्याआधी आणि नंतर प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं त्याच सुईने, त्याच लेव्हलला रेकॉर्ड करून ठेवतो आणि दोन्ही फाइल्स एकाखाली एक लावून बघतो. बाहेरच्या गाण्यांत ५६ आणि ४५ मध्ये मला काही फरक ऐकू येत नाही, वेव्हफॉर्ममध्येही दिसत नाही. आतल्या गाण्यांत मात्र सतत येणारी बारीक खरखर खाली बसली आहे, आणि गाण्यांमधल्या शांत जागेत तर स्पष्टच. उरलेल्या टिकटिकींपैकी ज्या बरोबर १.८ सेकंदांनी पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. ३३⅓ आरपीएमला एक फेरा तेवढ्याच वेळाचा असतो. तो ओरखडा आहे, धूळ नाही, आणि ओरखडा धुतला जात नाही. विकत घेताना ‘नुसती धूळ आहे, धुतली की जाईल’ असं सांगणाऱ्यांना हे घड्याळ लावून दाखवावं.

एक मर्यादा सांगून ठेवतो. काही लांबलचक बाजूंवर संगीत नेहमीपेक्षा आत आलेलं असतं. तिथे ओ-रिंग खाचेवर बसेल. आवळण्यापूर्वी उजेडात तिरकी धरून रन-आउट किती रुंद आहे ते बघा. आठ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जुनाच मार्ग, उघडं लेबल आणि ५६. सात इंची सिंगल्ससाठी दांडी खाली घ्यावी लागेल, ते अजून केलेलं नाही.

फिल्टर जोडून झालाय, ५ मायक्रॉन आणि मग १ मायक्रॉनचं काडतूस, मिनिटाला एक लिटरचा पंप. धुलाई चालू असताना पंप बंद ठेवतो, कारण पाणी ढवळलं की कॅव्हिटेशन मंदावतं. दोन बॅचच्या मध्ये अठरा-वीस मिनिटं फिरवलं की सगळं पाणी तीनदा फिल्टरमधून गेल्यासारखं होतं आणि तरंगता मळ वीसातला एक भाग उरतो. फॉइलची चाचणी केल्यावर मात्र पाणी फेकूनच द्या. त्यात ॲल्युमिनियमची चकाकणारी भुकटी असते आणि तिला खाचेत जायला फार आवडतं.

पुढचं काम ८० किलोहर्ट्झचं. तिथे पाव तरंगलांबी साडेचार मिलिमीटरवर येते, म्हणजे वरचा निवांत थर निम्मा व्हायला हवा आणि सील नसतानाही आतल्या खाचांना थोडा न्याय मिळायला हवा. बुडबुडेही लहान होतील, खाचेच्या मापाच्या जवळ जाणारे. दोन ट्रान्सड्यूसर आणून ठेवलेत, बोर्ड वेगळा लागणार आहे. कुणाकडे ८० किंवा १२० किलोहर्ट्झची टाकी आधीच चालू असेल, तर फॉइलची पट्टी उभी बुडवून वरच्या दहा मिलिमीटरचा फोटो पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून.