लाली आज हातावर खाऊन गेली

पहिल्यांदाच कोंबड्या पाळल्यात, गिरिराज जातीची 12 पिल्लं, कळंब्याला घराच्या मागं. पहिला आठवडा बल्बखाली 35 डिग्री ऊब, सातव्या दिवशी मानमोडी रोगासाठी लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात, रात्री दोनदा उठून बघायचं, गठ्ठा करून बसली की थंडी वाजतीय आणि बल्बपासून लांब जाऊन चोच उघडी टाकली की उकडतंय. आता दोन महिन्यांची झाल्यात.

पण आजचा दिवस लालीचा. आठवडाभर उसाच्या कडंनं एकटीच फिरत होती, गावठी कोंबडी, एका बोटाचं नख तुटलेलं. सगळ्या गल्लीत विचारलं, कुणीच आपली म्हणंना. जवळ गेलं की फडफडत उसात.

आज सकाळी तळहातावर ज्वारी घेऊन पायरीवर बसलो, आई आतनं म्हणाली हलू नको रे बाळा. अर्धा तास गेला. मग तिनं मान वाकडी करून एका डोळ्यानं बघितलं आणि टक्, एकच दाणा उचलला, जरा मागं सरली, परत आली आणि सगळी ज्वारी संपवली. ती चोच तळव्याला लागली ना, खरंच डोळ्यात पाणी आलं.

बाहेरची कोंबडी लगेच कळपात सोडायची नाही, रोग येतो, म्हणून दोन-तीन आठवडे लांबच ठेवणार. आत्ता डालग्याखाली निजलीय. झाकताना हळूच कुर्रर्र केलं तिनं.