गणपतीच्या ड्युट्या

रत्नागिरीजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात आज गणपतीच्या ड्युट्या लागल्या. कोकणात चतुर्थीची रजा नाकारायची म्हणजे वैरच घ्यायचं! पण अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावीच लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याला चतुर्थी काय नि शिमगा काय.

दरवर्षी ऑफिसातून तयार कागद यायचा आणि मग आठवडाभर धुसफूस. त्या धुसफुशीचा राग पेशंटवर निघतो, हे कुणी बोलत नाही, पण निघतो. यंदा मॅडमनी कोरा तक्ता मावश्यांपुढेच ठेवला. दोन तास नुसता कल्ला! मग दीड दिवसवाल्यांनी पुढचे दिवस उचलले, गौरीवाल्या मोकळ्या झाल्या. चतुर्थीची सकाळ आमच्या मुसलमान सिस्टरनं आपणहून मागून घेतली. ईदला तिची पाळी कोण करणार, तेही तिथंच लिहून टाकलं.

रात्रपाळीवाल्यांना सकाळची एसटी येईपर्यंत चहा-नाश्ता इथेच, हेही ठरलं. (इतकी वर्षं हे का सुचलं नाही, देव जाणे.) पगारवाढीचा विषय काढला तर मॅडम म्हणाल्या, "ते ट्रस्टींना विचारा."

विचारणारच आहोत. सगळ्या मिळून.